रामेश्वरहून आलेला टोक नसलेला शंख: आतला जीव कसा जगतो?

धंतोलीकर_बाई

मंडळी, जाणकारांची मदत हवी आहे. मी नागपुरात शाळेत विज्ञान शिकवते. आमच्या वर्गात खिडकीखाली एक टेबल आहे, त्यावर मुलं सापडेल ते आणून ठेवतात: पिसं, बिया, वारुळाचा तुकडा, अंबाझरीच्या काठचे शिंपले. दिवाळीच्या सुट्टीत एका मुलीच्या घरचे रामेश्वरला गेले होते. तिने तिथल्या फेरीवाल्याकडून घेतलेला एक शंख आणून ठेवलाय आणि त्या शंखाने वर्गाला आणि मला कोड्यात टाकलंय.

आकाराने अंगठ्याच्या पेरापेक्षा थोडा मोठा, अंड्यासारखा गोलसर, वजनाला अगदी हलका. फिकट गुलाबी-करड्या रंगावर तपकिरी ढगाळ ठिपके. शंखाला असतं तसं टोक याला नाहीच. टोकाच्या जागी एक बारीक खड्डा आहे, पेन्सिलीचं टोक आत जातं. तोंडाची फट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, उलट वरच्या बाजूला शंखापेक्षाही किंचित उंच गेलेली.

प्रश्न असे: टोक तुटलंय की मुळातच नाही? आत राहणारा प्राणी कसा असतो, कुठे राहतो, काय खातो? आणि तिसरं, आमच्याच शाळेतले एक सहकारी छातीठोकपणे सांगतात की नागपूरच्या टाकळी भागातल्या दगडात सापडतात त्या गोगलगायी म्हणजे हीच. तसं असेल तर नागपुरात समुद्र होता असं मुलांना सांगायचं का?

"ही एक समुद्री गोगलगाय" एवढं सांगून पुढे जायला माझं मन घेत नाही. मुलांनी समुद्र पाहिलेला नाही, म्हणून त्यांना अर्धवट सांगून चालतं असं मला मुळीच वाटत नाही.

बर्डीवाला

वाचून राहिलो. जाणकार येतीलच.

खाजणकाठ

बाई, टोक तुटलेलं नाही. तुम्ही केलेल्या वर्णनावरून हा बुल्ला अँपुला आहे. 1758 साली लिनेअसने नाव दिलेल्या जुन्या जातींपैकी एक. तांबड्या समुद्रापासून पार प्रशांत महासागरातल्या बेटांपर्यंत सापडतो आणि सहा सेंटिमीटरपर्यंत वाढतो. इंग्रजीत या सगळ्या गटाला बबल स्नेल म्हणतात. मराठीत बुडबुडा गोगलगाय म्हणायला हरकत नाही.

टोक का नाही, तर याचा प्रत्येक नवा वेढा आधीच्या सगळ्या वेढ्यांना पोटात घेऊन वाढतो. सर्वसाधारण शंखात जुने वेढे वर टोकाशी शिल्लक दिसतात. इथे ते आत बुडालेले असतात आणि वरून फक्त तो खड्डा दिसतो. शंख मधोमध उभा कापला तर सगळे वेढे आत सापडतील. पण कापू नका, वर्गातला एकच आहे.

तोंड एवढं मोठं का, हे प्राणी पाहिल्यावरच कळतं. जिवंत बुल्लाच्या डोक्यावर मांसल, रुंद, चपटी ढाल असते. इतर गोगलगायींसारखी वर काढलेली शिंगं नाहीत. डोळे म्हणजे त्या ढालीतच रुतलेले दोन काळे ठिपके. ही ढाल पुढे दाबत तो ओल्या वाळूत, चिखलात शिरतो. ढालीमुळे रेती बाजूला सरते, आतल्या श्वसनाच्या पोकळीत जात नाही. पायाच्या दोन्ही कडा वर वळून शंखाच्या बाजूंवर चढलेल्या असतात. अशा प्राण्याला टोकदार, गाठीगाठींचा शंख अडला असता. गुळगुळीत अंडाकृतीच हवी.

राहण्याची जागा: उथळ पाणी, शांत खाडी, वाळू आणि चिखल मिसळलेला तळ, समुद्री गवताची कुरणं. रामेश्वरच्या दोन्ही बाजूंना हे सगळं आहे. दिवसभर वाळूत पुरलेला, अंधार पडला की वर.

उन्हाळी

दिवसभर बाहेर पडायचं नाही, सूर्य मावळला की फिरायला निघायचं. हा तर मे महिन्यातला नागपूरकर! फुटाळा तलावावर भेटत जाईल.

बर्डीवाला

@उन्हाळी, हाहा, काही म्हणा पण पटलं.

टाकळीचा_दगड

तिसऱ्या प्रश्नावर लिहितो, कारण भूशास्त्रातच माझी नोकरी गेली आणि टाकळीचा उल्लेख आला की मला राहवत नाही.

टाकळीच्या गोगलगायी आणि हा बुल्ला यांचा काहीही संबंध नाही. एक गोड्या पाण्यातली, दुसरा खाऱ्या. दख्खनच्या लाव्हाचे थर एकावर एक साचत असताना मध्ये मध्ये खंड पडत गेला. त्या काळात लाव्हाच्या पृष्ठावर तळी झाली, चिखल साचला, त्यात मासे, झाडं, बिया, गोगलगायी गाडल्या गेल्या आणि वरून पुन्हा लाव्हा आला. या मधल्या गाळाच्या थरांना आंतरट्रॅपी थर म्हणतात. वय सुमारे 6.6 कोटी वर्षं, म्हणजे डायनोसॉर संपले त्या सुमाराचं.

ते उजेडात आणणाऱ्यांत नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप प्रमुख होते. त्यांनी आणि रॉबर्ट हंटर यांनी 1855 मध्ये नागपूर परिसराच्या भूशास्त्रावर आणि जीवाश्मांवर निबंध छापला. दगड फोडून, गाळ धुऊन, एकेक शंख वेगळा करून विलायतेला पाठवणारा हा माणूस. 1863 मध्ये नागपूरजवळच पुराच्या पाण्यात वाहून गेला. आज लोक हिस्लॉप कॉलेजच्या नावापलीकडे त्याला ओळखत नाहीत याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तर त्या थरांतली सगळ्यात ठळक गोगलगाय म्हणजे फायसा प्रिन्सेपाय. ब्राह्मी लिपी उलगडणाऱ्या जेम्स प्रिन्सेप यांचं नाव दिलेली. आजच्या फायसा नखाएवढ्या असतात, ही मात्र चांगली दणदणीत वाढायची. फुगीर, पातळ, मोठ्या तोंडाची, त्यामुळे बुल्लाशी गल्लत होते. तुमच्या सहकाऱ्यांचीही त्यामुळेच झाली असावी.

ओळखायची खूण साधी आहे. शंखाचं टोक वर आणि तोंड आपल्याकडे धरा. फायसाचं तोंड डाव्या हाताला येतं. बुल्लाचा खड्डा वर धरलात तर तोंड उजव्या हाताला येतं. शिवाय फायसाला आखूड का होईना, टोक असतं.

धंतोलीकर_बाई

@खाजणकाठ, @टाकळीचा_दगड, किती सविस्तर! आज मधल्या सुट्टीत शंख हातात धरून पाहिला, तोंड उजवीकडेच. मुलांनी लगेच टेबलावरचे सगळे शंख उलटेसुलटे करून पाहायला सुरुवात केली.

वैनगंगा

नागपुरात समुद्र नव्हता हे इतक्या ठामपणे निकालात काढू नये असं मला वाटतं. छिंदवाडा जिल्ह्यात झिलमिली नावाचं गाव आहे. तिथल्या आंतरट्रॅपी थरांतून समुद्रात तरंगणारे सूक्ष्म फोरॅमिनीफर, म्हणजे कवचवाले एकपेशी जीव, मिळाल्याचं 2009 मध्ये प्रसिद्ध झालं. त्या संशोधकांचं म्हणणं असं की नर्मदेच्या किंवा गोदावरीच्या खोऱ्यातून समुद्राचा फाटा मध्य भारतात आत शिरला असणार. छिंदवाडा म्हणजे आपल्या शेजारचं. मुलांना हेही सांगायला हवं.

टाकळीचा_दगड

@वैनगंगा, झिलमिलीचं काम मला माहीत आहे आणि ते महत्त्वाचं आहे. मुलांना जरूर सांगा. पण झिलमिलीला खाऱ्या पाण्याचा फाटा पोचला म्हणून टाकळीचं तळं खारं होत नाही. प्रत्येक थर आपल्या जीवाश्मांवरून ठरतो. टाकळीत फायसा, पालुडिनासारख्या गोड्या पाण्यातल्या गोगलगायी आहेत. समुद्राची खूण असलेले शंख आंतरट्रॅपीत पाहायचे तर राजमहेंद्रीकडे जावं लागतं.

वैनगंगा

माझा मुद्दा टाकळीचा नव्हताच. "नागपूर म्हणजे कायमचं कोरडं, मधोमध, समुद्राशी संबंध नसलेलं" हे जे मुलांच्या डोक्यात पक्कं बसतं, त्याला तडा जायला हवा एवढंच.

टाकळीचा_दगड

त्याला माझं पूर्ण अनुमोदन.

सावजीप्रेमी

अवांतर आहे, पण विचारतोच. खातात का हा बुल्ला? सावजी मसाल्यात कसा लागेल?

खाजणकाठ

@सावजीप्रेमी, याच गटातला एक भाऊबंद खातात. बुलॅक्टा नावाचा, चीनच्या चिखलाच्या किनाऱ्यांवर वाढणारा. झेजियांगकडे तो मीठ आणि दारूत मुरवून खातात, त्याची शेतीही करतात. आपल्या बाजूला कोकणात कालवं, मुळे, तिसऱ्या एवढं सगळं असताना बुल्लाकडे कोणी वळत नाही.

सावजीप्रेमी

मग मुरवलेलाच ठीक. रस्सा नको.

बर्डीवाला

धागा भरकटायच्या आत बाईंचा "काय खातो" हा प्रश्न घ्या ना बाप्पा. त्याला कोण खाते हे विचारलंच नाही त्यांनी.

खाजणकाठ

घेतो. आणि "त्याला कोण खातं" हेही सांगतो, कारण त्यात जास्त रस आहे.

बुल्ला शाकाहारी. हिरवं शेवाळ, समुद्री गवतावर चढलेला सूक्ष्म वनस्पतींचा थर, असं खातो. चावायचं काम तोंडापेक्षा पोटात जास्त. अन्ननलिकेच्या पुढे पेषणी असते, तिच्यात तीन कठीण पट्ट्या, त्या एकमेकींवर घासून शेवाळ भरडतात.

पण सगळा गट शाकाहारी नाही. फिलाइन ही याच गटातली, तिची पेषणी चुनखडीच्या पट्ट्यांची, आणि ती वाळूतले छोटे शिंपले, फोरॅमिनीफर अख्खे गिळून आत फोडते. हायडॅटिना फायसिस ही आणखी वेगळी. पांढुरक्या पातळ शंखावर बारीक तपकिरी नागमोडी रेघा, आणि शंखाच्या चारी बाजूंनी गुलाबी, झालरीसारखा पसरलेला पाय. ती वाळूतले एका विशिष्ट कुळातले केसाळ किडेच खाते. या हायडॅटिनाला आता वर्गीकरणात बुल्लापासून बाजूला काढलंय, ती अ‍ॅक्टिऑन या टोकदार शंखाच्या गोगलगायीच्या गोतावळ्यात गेली.

त्यांना खाणारे म्हणाल तर मासे, खेकडे आहेतच. पण सगळ्यात भयंकर शत्रू त्यांच्याच ढालवाल्या गटातला. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर नॅव्हॅनॅक्स नावाचा प्राणी आहे, बाहेरून शंख नाही, निळ्या-पिवळ्या रेघांचा. तो वाळूवरचा चिकट माग हुंगत बुल्लाच्या आणि हॅमिनोइया या पातळ शंखाच्या बुडबुडा गोगलगायीच्या मागे जातो, आणि गाठल्यावर घशाने ओढून अख्खा गिळतो. ढालीच्या दोन्ही बाजूंना वास ओळखणारे अवयव असतात, ते इथे कामाला येतात. आणि खुद्द नॅव्हॅनॅक्सला कोणी डिवचलं तर तो आपल्या मागात पिवळं द्रव्य सोडतो. पाठीमागून त्याच मागावर येणारा दुसरा नॅव्हॅनॅक्स तिथे पोचला की वळतो. 1970 च्या दशकात ही द्रव्यं वेगळी काढली गेली.

उन्हाळी

हे फार भारी आहे. वाचनखूण साठवली.

खारं_पाणी

मी नागपुरात खाऱ्या पाण्याची टाकी ठेवतो, म्हणून थोडं लिहितो. माझ्याकडे दगडाबरोबर न सांगता आलेल्या छोट्या बुडबुडा गोगलगायी होत्या. दाण्याएवढ्या. शंख इतका पातळ की आतल्या अंगावरचे काळे-नारिंगी ठिपके बाहेरून दिसतात. हॅमिनोइयाच्या जवळच्या असाव्यात असं इथल्या एका सदस्याने फोटोवरून सांगितलं होतं. अंग पूर्ण आत जात नाही, थोडा भाग नेहमी बाहेर.

दिवे चालू असताना टाकीत एकही दिसायची नाही. दिवे बंद करून लाल उजेडात पाहिलं की काचेवर, वाळूवर सगळीकडे. काचेवरचा हिरवा-तपकिरी साय धरल्यासारखा थर त्या चाटून जायच्या, मागे स्वच्छ पट्टा. काही आठवड्यांत काचेवर पारदर्शक जेलीचे गोळे दिसू लागले, भिंगातून पाहिलं तर आत पांढरी अंडी ओळीने.

पुढे काय झालं? शेवाळ संपलं आणि गोगलगायी कमी होत होत दिसेनाशा झाल्या. मी वरून काही टाकून पाहिलं, त्यांनी तोंड लावलं नाही. जेवढं अन्न तेवढाच जीव, हे मला या टाकीने डोळ्यांसमोर दाखवलं.

बाई, मुलांनी "आपण पाळूया का" असं विचारलं तर नको म्हणा. दर लिटरला 35 ग्रॅमच्या आसपास क्षार कायम राखावे लागतात. आपल्याकडे उन्हाळ्यात पाणी इतकं उडतं की रोज गोडं पाणी घालून खारटपणा खाली आणावा लागतो. पारा 45 च्या पुढे, त्यात लाइट गेली की टाकी तापते. हा वर्गातला उद्योग नाही.

आणि एक वाईट प्रकार सांगतो. केलिडोन्युरा व्हेरिअन्स नावाचा काळा, निळ्या रेघांचा, दोन शेपट्यांचा ढालवाला प्राणी टाकीतल्या तांबड्या चपट्या कृमींवर उपाय म्हणून विकतात. तो कृमी खातोही, अगदी मनापासून. कृमी संपले की उपाशी मरतो. विकताना हे कोणी सांगत नाही. ज्याचं अन्न आपण पुरवू शकत नाही तो जीव घरी आणू नये.

वैनगंगा

+1. आणि याच न्यायाने मी एक अप्रिय गोष्ट बोलते. फेरीवाल्याकडून शंख विकत घेणंही थांबायला हवं. बाईंच्या वर्गातला शंख चकचकीत आहे म्हणजे तो किनाऱ्यावर मरून पडलेला नव्हता. मेलेला शंख उन्हा-वाळूत घासून पांढरा, खडूसारखा होतो. चमक हवी तर जिवंत काढावा लागतो.

मंडपम

मी त्या भागात नोकरीनिमित्त बरीच वर्षं राहिलो, म्हणून दुसरी बाजू मांडतो. फेरीवाल्यांच्या पाटीतले सगळे शंख मुद्दाम समुद्रात उतरून काढलेले नसतात. पुष्कळसे कोळंबीच्या जाळ्यात तळावरून खरवडून येतात. कोळंबी निवडली की उरलेला ढीग किनाऱ्यावर पडतो, बायका-पोरं त्यातून शंख वेचतात, उकळतात, धुतात, विकतात. त्या पाटीवर घर चालतं. दोष द्यायचाच तर तळ खरवडणाऱ्या जाळ्यांना द्या. वाळूत आणि गवतात राहणाऱ्या बुल्लासारख्यांचं घरच त्या जाळ्यांनी उलटंपालटं होतं.

आणि गवत फार मोठी गोष्ट आहे. मन्नारच्या आखातात 1986 पासून सागरी राष्ट्रीय उद्यान आहे, 21 बेटांचं. पलीकडे पाल्कच्या उपसागरात 2022 मध्ये डुगाँग या समुद्री गवत खाणाऱ्या सस्तन प्राण्यासाठी राखीव क्षेत्र झालं, तेही याच गवतामुळे. डुगाँगवर सगळ्यांची नजर जाते. पण त्याच गवताच्या पात्यावरचा थर खाणारा हा अंगठ्याएवढा जीवही त्याच कुरणाचा रहिवासी.

वैनगंगा

@मंडपम, पाटीवाल्या बाईला मी दोष देत नाही. पण मागणी आपली आहे. नागपूरहून गेलेला यात्रेकरू पिशवीभर शंख घेऊन येतो आणि ते कपाटावर धूळ खात पडतात. मागणी असेल तोवर ढिगातून वेचणं आणि मुद्दाम काढणं यातली रेषा कोण राखणार?

मंडपम

मागणी कमी व्हावी हे मलाही मान्य. फक्त हे सांगताना त्या मुलीला अपराधी वाटू देऊ नका.

धंतोलीकर_बाई

नाही वाटू देणार. तिच्यामुळेच तर हे सगळं सुरू झालं. पण जाळ्यांचं मी वर्गात नक्की सांगेन. हे कुठल्याच पाठ्यपुस्तकात मला सापडलं नव्हतं.

रात्रपाळी

बुल्लाचा विषय निघालाय आणि त्याच्या डोळ्याबद्दल कोणीच लिहिलं नाही! माझं झोपेच्या विकारांशी रोजचं काम आहे, आमच्या क्षेत्रात हा प्राणी मान्यवर आहे.

कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरची बुल्ला गोल्डियाना ही जात. तिचा डोळा अलगद काढून समुद्राच्या पाण्यात, पूर्ण अंधारात ठेवला तरी त्याच्या चेतातंतूतून येणाऱ्या संदेशांची लय दिवस-रात्रीप्रमाणे चढत-उतरत राहते, दिवसेंदिवस. म्हणजे घड्याळ मेंदूत नाही, डोळ्यातच आहे. 1982 मध्ये जीन ब्लॉक आणि सहकाऱ्यांनी ते डोळ्याच्या तळाशी असलेल्या शंभरेक चेतापेशींपर्यंत आणून ठेवलं. आणि 1993 मध्ये या पेशी एकेक सुट्या करून पाहिल्या, तर एकटी पेशीसुद्धा दिवस-रात्रीची लय राखते असं दिसलं. जैविक घड्याळ पेशींच्या जाळ्यातून तयार होतं की एका पेशीच्या पोटात असतं, या वादात या गोगलगायीने मोठं उत्तर दिलं.

@खारं_पाणी, तुमच्या टाकीतल्या गोगलगायी दिवे गेल्यावर बाहेर यायच्या, तो नुसत्या अंधाराचा परिणाम असेलच असं नाही. एक दिवस दिव्यांची वेळ बदलून पाहिली असती तर मजा आली असती.

खारं_पाणी

@रात्रपाळी, आता पुन्हा कधी आल्या तर नक्की.

जुनी_वही

पेषणीच्या पट्ट्यांचा विषय आलाय म्हणून एक जुनी हकीकत. सिसिलीत जोझेप्पे जोएनी नावाचे निसर्गअभ्यासक होते. 1783 मध्ये त्यांनी तीन कवचांचा एक नवा समुद्री प्राणी जाहीर केला, त्याला स्वतःचं नाव दिलं, आणि तो वाळूत कसा चालतो याचंही वर्णन छापलं. पुढे ड्रापार्नोने दाखवून दिलं की तो प्राणी नव्हेच. स्कॅफँडर नावाच्या बुडबुडा गोगलगायीच्या पोटातल्या पेषणीच्या त्या तीन पट्ट्या होत्या! वाळूत चालणारी पेषणी लोकांनी बराच काळ खरी मानली.

मला ही गोष्ट मुलांना सांगण्याजोगी वाटते. तुकडा हातात असताना अख्ख्या प्राण्याचा अंदाज बांधण्यात केवढा धोका असतो, हे याहून चांगलं कुठे सापडेल? आपणही इथे नुसत्या शंखावरूनच बोलतोय, फक्त आपल्याला जिवंत प्राणी पाहिलेल्यांचं पाठबळ आहे.

सावजीप्रेमी

चालणारी पेषणी! हे मी घरी सगळ्यांना सांगणार आहे.

बर्डीवाला

एक शंका. शंख इतका पातळ, झाकण नाही, काही जातींचं तर अंगही मावत नाही. मग शंख काऊन ठेवला? एवढा खटाटोप कशाला?

खाजणकाठ

@बर्डीवाला, फार चांगला प्रश्न. या सगळ्या गोतावळ्याकडे पाहिलं की शंख सोडत जाण्याच्या वेगवेगळ्या पायऱ्यांवर उभे असलेले जीव दिसतात. अ‍ॅक्टिऑन: जाड शंख, टोक आहे, तोंडाला झाकणही आहे. बुल्ला: झाकण गेलं, पण अंग पूर्ण आत जातं. हॅमिनोइया: शंख पातळ, अंग आत मावत नाही. फिलाइन: शंख मांसाच्या आत झाकलेला, बाहेरून दिसतच नाही. केलिडोन्युरा, नॅव्हॅनॅक्स: आत शंखाचा छोटासा अवशेष.

हे एकापासून दुसरा अशा सरळ रांगेत झालेलं नाही. अ‍ॅक्टिऑनची शाखा तर वेगळीच आहे. शंख कमी होणं वेगवेगळ्या शाखांत वेगवेगळ्या वेळी घडलं. पण शंख जसजसा गेला तसतसं दुसरं संरक्षण आलं. फिलाइनच्या त्वचेतून आम्ल स्रवतं, मासा तोंडात घेऊन थुंकून टाकतो. काहींच्या चिकट द्रवात धोक्याचा इशारा देणारी रसायनं असतात. आणि सगळ्यात स्वस्त संरक्षण म्हणजे वाळूत जाणं. वाळूत शिरायला हलका शंख बरा, जाड शंख बनवायला चुनाही लागतो आणि तो वाहायला ताकदही.

रत्नागिरीजवळच्या एका खाडीत मी अमावास्येच्या उधाणाच्या ओहोटीला रात्री जातो. पाणी खूप मागे गेलेलं असतं. वाळूच्या पृष्ठावर विजेरी तिरकी धरली की बोटभर रुंदीची एक किंचित उंच वळी दिसते, नागमोडी गेलेली. तिच्या टोकाशी थांबायचं. थोड्या वेळाने वाळू हलते, आधी ढालीची ओली कड वर येते, मग शंखाचा तुकडा चमकतो, आणि पुन्हा सगळं आत. एवढंच दिसतं. पण त्या वळीवरून कळतं की तो कुठून आला, कुठे वळला, कुठे थांबला.

उन्हाळी

समृद्धीवरून 701 किलोमीटर मुंबई, तिथून रत्नागिरी. निघालोच समजा.

धंतोलीकर_बाई

@खाजणकाठ, तुमचं हे शेवटचं वर्णन उद्या वर्गात वाचून दाखवणार आहे.

मूळ प्रश्नांची उत्तरं मिळाली. आता मुलांनी ठरवलंय ते सांगते. टेबलावरचे सगळे शंख "तोंड डावीकडे" आणि "तोंड उजवीकडे" असे दोन गटांत मांडायचे. अंबाझरीहून आणलेल्या तळ्यातल्या गोगलगायी जवळपास सगळ्या उजव्या निघाल्या. @टाकळीचा_दगड, तुमच्याकडे फायसाचा एखादा नमुना असेल तर एक दिवस वर्गात दाखवायला याल का? डाव्या गटात ठेवायला आमच्याकडे काही नाही.

आणि एका मुलाने विचारलेला प्रश्न मला सुटला नाही: एकच गोगलगाय आधी डावी आणि नंतर उजवी असू शकते का?

टाकळीचा_दगड

बाई, आनंदाने येईन. दगडातून अर्धी बाहेर आलेली फायसा आहे माझ्याकडे, तीच आणतो. मुलांना हातात घेऊ द्या, दगड आहे, काही होत नाही.

खाजणकाठ

त्या मुलाला शाबासकी द्या. उत्तर: हो, आणि तुमच्या टेबलावरचा बुल्ला तसाच आहे.

हे प्राणी उभयलिंगी. प्रत्येकात नर आणि मादी दोन्ही, जोडी जमली की कोणीही अंडी घालू शकतो. बुल्लाची अंडी लांब, पिवळसर, गुंतवळ झालेल्या दोऱ्यांत असतात, समुद्री गवताला अडकलेली. त्यातून डिंभ, म्हणजे सूक्ष्म बालावस्थेतले जीव, बाहेर पडतात. डिंभाला केसाळ पाळ्या असतात, त्यांनी तो पाण्यात पोहतो, आणि पाठीवर सूक्ष्म शंख असतो, त्याला चक्क झाकणही असतं. म्हणजे मोठेपणी नसलेलं झाकण बालपणी आहे. हॅमिनोइयाच्या एका जातीत तर एकाच जेलीच्या गोळ्यातून काही पोहणारे डिंभ निघतात आणि काही थेट रांगणारी पिल्लं.

आता मुलाचा प्रश्न. या डिंभाचा शंख डावीकडे वेढे घेतलेला दिसतो. तळाला लागून त्याचं गोगलगायीत रूपांतर झालं की पुढची वाढ उजवीकडे सुरू होते. या संबंध मोठ्या गटाची ही ओळखीची खूण आहे. बुल्लात तो डावा बालशंख खड्ड्याच्या तळाशी, नंतरच्या वेढ्यांखाली झाकला जातो, म्हणून वर्गातल्या शंखात दिसणार नाही. अ‍ॅक्टिऑनसारख्या टोक असलेल्या शंखाचं टोक मात्र चांगल्या भिंगाखाली धरलं तर अगदी वर एक बारीक वेढा आडवा, उलट दिशेने बसलेला दिसतो. माझ्याकडे किनाऱ्यावर वेचलेला, आधीच मेलेला एक आहे. पत्ता व्यक्तिगत निरोपात कळवा, पाठवतो.